कुसळीचा माळ आणि उत्क्रांतीचा पेपर

उत्क्रांतीचा पेपर सोडवणारा बार्शीचा पदवीचा विद्यार्थी गॅलापागोसच्या फिंच पक्ष्यांच्या चोची, मँचेस्टरचे काळे पतंग आणि मॉरिशसचा डोडो यांवर पुरवण्या लावून लिहू शकतो. उष्ण कटिबंधातील परिसंस्था म्हटले की त्याच्या वहीत ॲमेझॉन येते, फार तर सह्याद्रीतले सदाहरित रान. उदाहरणे उत्तमच आहेत. पण बार्शीही उष्ण कटिबंधातच आहे. वैरागमार्गे सोलापूरला निघालेली एसटी सोलापूरच्या अलीकडे वीसेक किलोमीटरवर नान्नजला येते, तेव्हा ती माळढोक या पक्ष्याच्या नामशेष होण्याच्या जागेवरून जात असते. उत्क्रांती, विनाश आणि उष्ण प्रदेशाचे जीवनशास्त्र हे आपल्याकडे तीन सुटे घटक म्हणून शिकवले जातात. बार्शीच्या भोवतालच्या माळावर ते एकाच गोष्टीचे तीन भाग आहेत, आणि ती गोष्ट डोडोपासून सुरू केली तर अर्धी हातातून निसटते.

सुरुवात गवतापासून करावी. दसरा-दिवाळीच्या सुमाराला माळावरून चालणाऱ्याच्या धोतराला, सॉक्सला चिकटते ते कुसळीचे कुसळ. म्हणीत ते दुसऱ्याच्या डोळ्यात असते. प्रयोगशाळेत त्याची करामत पाहायला पाण्याचा एक थेंब पुरतो. वाळलेले कुसळ दोरीसारखे पिळलेले असते. थेंब पडताच त्याचा पीळ सुटू लागतो आणि ते गोल फिरते. वाळले की पुन्हा पीळ भरतो. रात्रीच्या दवाने आणि दिवसाच्या उन्हाने हे फिरणे चालू राहते आणि टोकाचे अणकुचीदार बी गिरमिटासारखे जमिनीत शिरते. बियाच्या बुडाशी उलट्या दिशेचे राठ केस असल्यामुळे आत गेलेले बी मागे सरकत नाही. मातीखाली गेलेले बी वणव्यातून वाचते. ज्या गवताची बी पेरण्याची यंत्रणा दव, ऊन आणि आग यांच्याशी इतकी जुळलेली आहे, ते गवत कालपरवा जंगल तुटल्यावर आलेले उपरे असेल, हे पटायला जड आहे.

नेमका तोच समज आपल्या प्रशासनात आणि बऱ्याच पाठ्यपुस्तकांत घट्ट बसलेला आहे. माळ म्हणजे बिघडलेले जंगल. पूर्वी येथे दाट झाडी होती, माणसाने तोडली, गुरांनी खाल्ली आणि गवत उरले. या म्हणण्यात काही ठिकाणी तथ्य आहे, कारण अतिचराईने उजाड झालेले डोंगर महाराष्ट्रात कमी नाहीत. पण सगळ्या माळांना ते लावता येत नाही. बेसाल्टवरचा वीतभर मुरूम आणि वर्षाला पाचशे-सातशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी, यांवर हिवर, बोर, तरवड विरळ उभे राहतात. दाट जंगल उभे राहत नाही. भारतीय उपखंडात उष्ण हवामानातल्या गवतांनी साधारण ऐंशी ते साठ लाख वर्षांपूर्वी मोठा विस्तार केला, हे शिवालिक टेकड्यांच्या प्राचीन मातीतल्या कार्बनवरून कळते. माणसाची कुऱ्हाड यायला त्या काळी अजून फार अवकाश होता. अलीकडे संशोधकांनी तेराव्या शतकापासूनच्या जुन्या मराठी वाङ्मयातले रानटी झाडाझुडपांचे उल्लेख तपासले, तेव्हा त्यांतल्या बहुतांश वनस्पती उघड्या, काटेरी माळाच्याच निघाल्या. वनस्पतिशास्त्राचा पुरावा जुन्या पोथ्यांत सापडावा ही मराठीच्या प्राध्यापकांनाही खूश करणारी बाब आहे.

माळ जुना आहे हे मान्य केले की माळढोक समजतो. माळढोकाच्या कुळात जगभरात सुमारे पंचवीस जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशात राहतात. आपला माळढोक त्या मोठ्या गवताळ जगाचा पूर्वेकडचा नातेवाईक. नर दहा-पंधरा किलोंचा, उडणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. शत्रू दुरून दिसावा अशी मोकळी जमीन आणि दीर्घ आयुष्य गृहीत धरून हा हिशेब बसलेला आहे. मोठे पक्षी अवेळी मरू लागले की तो हिशेब कोलमडतो, कारण वर्षाला एका अंड्याने तूट भरून निघत नाही. त्यात डोळ्यांची रचना आडवी येते. या कुळातल्या पक्ष्यांना बाजूचे उत्तम दिसते. उडताना मान खाली घालून जमीन न्याहाळताना समोरचा भाग मात्र दृष्टीआड होतो. लाखो वर्षे आकाशात समोर काहीच नव्हते, म्हणून हा दोष कधी निवडीत सापडला नाही. आता समोर उच्चदाबाच्या तारा आहेत. नैसर्गिक निवड भविष्याची तयारी करत नाही, हे वाक्य वर्गात दहा वेळा सांगूनही जे उमजत नाही, ते या एका डोळ्यावरून उमजते.

माळढोकासाठी १९७९ मध्ये सोलापूर-अहमदनगर पट्ट्यात ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात शेते, गावे, रस्ते सगळेच आले. जमीनव्यवहार अडकले, लोकांच्या मनात पक्ष्याविषयी राग साचला, आणि पुढे क्षेत्र सव्वाबाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणावे लागले. दरम्यान १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि पाण्यामागे ऊस आला. ज्वारी-करडईच्या कोरडवाहू रानात माळढोकाला चालत होते. उसाच्या फडात त्याला दिसतही नाही आणि पळताही येत नाही. गंमत अशी की माळावरचे गवत, ज्वारी आणि ऊस ही एकाच कार्यक्षम प्रकाशसंश्लेषणाच्या घराण्यातली आहेत. फरक पाण्याचा आणि उंचीचा. आज नान्नजला एखादा माळढोक दिसला तर ती बातमी होते.

यावर एक जाणता आक्षेप येतो: प्रजाती नष्ट होणे नैसर्गिकच आहे, मग एवढा शोक कशाला? आक्षेपाचे उत्तर बार्शीच्या पायाखाली आहे. येथला काळा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, डायनासोर संपले त्याच काळातला. मेक्सिकोच्या चिक्शुलूबला आदळलेल्या लघुग्रहाचा वाटा किती आणि दख्खनच्या ज्वालामुखींचा किती, यावर भूवैज्ञानिक अजून भांडतात. वादाबाहेर आहे तो काळाचा आकडा. दख्खनचे उद्रेक काही लाख वर्षे चालले होते. डायनासोरांची एक शाखा त्यातून पक्षी म्हणून वाचली, आणि तिच्यातलाच एक जड वंशज त्याच लाव्ह्याच्या मातीवर फिरत होता. तो येथून पुसला जायला पन्नास वर्षेही लागली नाहीत. उत्क्रांतीला नवी जात घडवायला जो वेळ लागतो, त्याच्याशी हा वेग ताडून पाहिला की ‘नैसर्गिक’ हा शब्द येथे बसत नाही.

दुसरा आक्षेप झाडांचा. झाडे लावण्यात वाईट काय? २०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी रोपांचे लक्ष्य ठेवले होते, आणि मोकळी जागा शोधताना नजर माळावरच जाते. ओढ्याकाठी, रस्त्याकडेला, उजाड झालेल्या वनजमिनीवर झाडे हवीतच. पण माळावर ओळीने उभी केलेली गिरीपुष्पाची किंवा सुबाभळीची रोपे म्हणजे माळढोकाच्या दृष्टीने भिंत, आणि कुसळीच्या दृष्टीने सावली. सावलीत ती जगत नाही.

हे सारे वर्गात आणायचे, तर अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवते, कॉलेज काय करणार, ही तक्रार खरी आहे. पण नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीला क्षेत्रीय प्रकल्प आणला आहे, आणि त्याला गॅलापागोसचे तिकीट लागत नाही. माळढोकच उरला नाही तर पाहायचे काय, असेही कोणी म्हणेल. काळवीट पाहावे. ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटर धावणाऱ्या काळविटाला लांडगा सरळ शर्यतीत गाठू शकत नाही. मग एवढा वेग कोणासाठी? उत्तरातला मोठा वाटा चित्त्याचा असावा, जो १९५२ मध्ये भारतातून नामशेष जाहीर झाला. शिकारी गेला, त्याने घडवलेले पाय राहिले. खुद्द लांडगाही साधा नाही. २०२१ च्या जनुकीय अभ्यासात भारतीय लांडग्याची शाखा जगातल्या अतिप्राचीन शाखांपैकी निघाली.

आणि डिसेंबर २०२४ मध्ये तर वाघच आला. यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला हा नर साडेचारशे-पाचशे किलोमीटर तुडवून धाराशिवच्या येडशी-रामलिंग अभयारण्यात पोचला आणि बार्शी तालुक्यात गुरे मारू लागला. अंगावरच्या पट्ट्यांवरून त्याची ओळख पटली. बातम्या दहशतीच्या झाल्या, आणि ज्यांची जनावरे गेली त्यांच्यासाठी ती दहशत खरीच होती. जीवशास्त्राच्या वर्गासाठी मात्र प्रश्न वेगळा आहे. टिपेश्वर आणि येडशी यांच्यामध्ये सलग जंगल नाही, मग तो चालला कोणत्या जमिनीवरून? नकाशावर या दोन ठिकाणांमध्ये रेघ ओढून वाटेतले गट नंबर तपासायला घेतले, तर सातबाऱ्यावर पुन्हा पुन्हा भेटणारे शब्द असतील गायरान, पडीक आणि पोटखराबा.