पाणी उकळलं, पण मीठ कुठं गेलं?

वस्तीत आरोग्याची बैठक घेतली की एक प्रश्न हमखास येतो, "ताई, पाणी उकळून प्यायलं म्हणजे झालं ना?" आम्ही इतकी वर्षं सरळ 'हो' म्हणत आलो. पण ते उत्तर अर्धंच आहे. पाण्यातला एक धोका उकळीने मरतो, दुसरा उकळीने उलट वाढतो. दोन्हींची एकेक खरी हकिगत सांगतो.

पहिली कॅनडातली. ओंटारिओ प्रांतात वॉकर्टन नावाचं जेमतेम पाच हजार लोकांचं गाव आहे. मे २००० मध्ये तिथे मुसळधार पाऊस झाला. गावाला पाणी देणाऱ्या एका उथळ विहिरीजवळच्या शेतात शेणखत पसरलेलं होतं. त्यातले जंतू पावसाबरोबर विहिरीत उतरले आणि नळाने घराघरांत पोहोचले. त्यांत ई. कोलाय ओ-१५७ हा जंतू होता. तो गुरांच्या आतड्यात राहतो, पण गुरं आजारी पडत नाहीत. जनावर धडधाकट दिसतं, दूध देतं. माणसाच्या पोटात गेला की मात्र रक्ताचे जुलाब होतात आणि लहान मुलांची कधीकधी मूत्रपिंडं निकामी होतात. वॉकर्टनमध्ये २,३०० हून अधिक लोक आजारी पडले, ७ जण दगावले.

न्यायमूर्ती डेनिस ओ'कॉनर यांच्या आयोगाने चौकशी केली. शेतकऱ्याचा दोष निघाला नाही. पाण्यात क्लोरीन पुरेसं टाकलं जात नव्हतं आणि नोंदवहीत खोटे आकडे भरले जात होते. पाणी दूषित असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल १७ मे रोजी पाणीपुरवठ्याच्या व्यवस्थापकाकडे आला, तो त्याने दडवला. शेवटी २१ मे रोजी आरोग्य खात्याने आपणहून 'पाणी उकळून प्या' असं जाहीर केलं. अहवाल वेळेत सांगितला असता, तर शेकडो लोकांचं आजारपण टळलं असतं.

दुसरी हकिगत बांगलादेशातली, खुलना जिल्ह्यातल्या दाकोपची. हा भाग समुद्राजवळचा. पावसाळा सरला की वरून येणारं गोडं पाणी कमी होतं आणि भरतीचं खारं पाणी नद्यांतून आत शिरतं. तिथल्या गरोदर बायांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. कोरड्या महिन्यांत नुसत्या पिण्याच्या पाण्यातूनच दिवसाला अंदाजे ५ ते १६ ग्रॅम सोडियम पोटात जात होतं, पावसाळ्यात ०.६ ते १.२ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसभराच्या सगळ्या खाण्यापिण्यातून ते २ ग्रॅमच्या आत असावं. गरोदरपणात रक्तदाब वाढल्याच्या केसेसही कोरड्या महिन्यांत जास्त होत्या.

इथे उकळी कामाची नाही. वाफ होऊन पाणी जातं, मीठ भांड्यातच राहतं. म्हणून शास्त्रज्ञ नदीच्या खारेपणाचा अंदाज आधी बांधायच्या मागे आहेत. पाण्यातून वीज किती सहज जाते यावरून खारेपणा मोजतात. वरून किती पाणी येतंय, भरती केवढी आहे, हे त्याला जोडून पुढच्या दिवसांचा हिशेब मांडतात. असा अंदाज घरी वेळेत पोहोचला, तर साठवलेलं पावसाचं पाणी प्यायला राखून ठेवता येतं, आणि आधी गरोदर बाईला देता येतं.

आपल्या वस्तीतही नळाजवळ शेळ्या-म्हशी बांधलेल्या असतात. म्हणून एवढं करा.

• जनावरं नळ, विहीर, बोअरपासून दूर बांधा. शेणात हात घातला की साबणाने धुवा. दूध उकळूनच प्या.
• पाऊस पडून पाणी गढूळलं, तर गाळून घ्या आणि खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळू द्या.
• मुलाला रक्ताचे जुलाब झाले तर ओआरएस सुरू करून थेट दवाखाना गाठा. जुलाब थांबवायची गोळी किंवा घरातली उरलेली अँटिबायोटिक मनाने देऊ नका. पुढच्या आठवडाभरात लघवी कमी झाली, अंग पांढरं पडलं, तोंड सुजलं, तर रात्र असली तरी निघा.
• पाणी खारट लागत असेल तर उकळत बसू नका, दुसरी सोय शोधा. गरोदर बाईचा रक्तदाब दर तपासणीला मोजून घ्या. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज ही धोक्याची लक्षणं आहेत.

आणि चार जणी मिळून पालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जा. आपल्या पाण्याची तपासणी कधी झाली, जंतू किती, क्षार किती, हे लेखी मागा. एकदा नाही म्हणाले तर पुन्हा जा. कागद हातात आला की बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा.