तालुक्याला ज्येष्ठ भूलतज्ज्ञ कशाला? गैरसमज आणि वस्तुस्थिती

तालुक्याच्या गावात नवे रुग्णालय मंजूर झाले की चर्चा होते ती इमारतीची, खाटांची, फार तर सर्जन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ मिळणार का याची. भूलतज्ज्ञ आहे का, हे क्वचितच कोणी विचारते. पण ते पद रिकामे असेल तर सर्जन हजर असूनही शस्त्रक्रियागृहाला, म्हणजे ओटीला, कुलूप राहते आणि सिझेरियनची गरज असलेल्या बाईला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावे लागते. लोकांच्या, काही वेळा प्रशासनाच्याही मनात एक हिशेब पक्का बसला आहे: शहरातल्या मोठ्या शस्त्रक्रियांना अनुभवी भूलतज्ज्ञ लागतो, गावाकडच्या लहानसहान कामाला कोणीही चालतो. हा हिशेब उलटा आहे. रुग्णालय जितके लहान आणि एकटे, तितका तिथला भूलतज्ज्ञ अनुभवी असावा लागतो. हे पटायला या कामाविषयीचे गैरसमज एकेक करून तपासावे लागतील.

गैरसमज : भूल देणे म्हणजे एक इंजेक्शन देणे, पुढचे काम मशीन करते

बोस्टनमध्ये 16 ऑक्टोबर 1846 रोजी विल्यम मॉर्टन यांनी ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवली. तेव्हापासून ‘रुग्णाला झोपवणारा डॉक्टर’ ही ओळख या शाखेला चिकटली. झोपवणे हा या कामाचा सर्वांत छोटा भाग आहे. पूर्ण भूल दिल्यावर रुग्णाचे स्नायू औषधाने सैल पडतात, स्वतःचा श्वास थांबतो, खोकण्याची आणि गिळण्याची क्षमता जाते. त्या क्षणापासून शस्त्रक्रिया संपून तो शुद्धीवर येईपर्यंत त्याचा श्वास, नाडी, रक्तदाब, शरीराचे तापमान आणि वाहून गेलेल्या रक्ताचा हिशेब भूलतज्ज्ञाच्या हाती असतो. ‘लॅन्सेट’मध्ये 2012 साली आलेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार, केवळ भुलीमुळे होणारे मृत्यू 1970 पूर्वी दर दहा लाख भुलींमागे सुमारे 357 होते, 1990 नंतरच्या काळात ते सुमारे 34 वर आले. या घसरणीत बोटाला लावायच्या पल्स ऑक्सिमीटरचा आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राचा वाटा मोठा आहे. मग यंत्रेच पुरेशी नाहीत का? नाहीत, कारण यंत्र आकडा दाखवते, कारण सांगत नाही. पडद्यावर ऑक्सिजनचा आकडा 98 वरून 88 वर घसरला, तर श्वासनलिकेतली नळी निसटली असेल, ती जास्त आत सरकून एकाच फुप्फुसात गेली असेल, कफाने चोंदली असेल, ऑक्सिजनचा जम्बो सिलिंडर संपला असेल, रक्तदाब कोसळला असेल किंवा नुसते बोट गार पडले असेल. यातले नेमके काय झाले हे मिनिटभरात ओळखायचे असते आणि त्याच मिनिटात हातही चालवायचा असतो. ही ओळख पुस्तकातून अर्धीच येते, उरलेली वर्षानुवर्षे असे प्रसंग हाताळूनच येते.

गैरसमज : कमरेत इंजेक्शन घेतले की आयुष्यभर कंबर दुखते

सिझेरियन झालेल्या बायकांमध्ये हा समज इतका घट्ट आहे की ‘आम्हाला पूर्ण भूल द्या, पण कमरेत सुई नको’ असा आग्रह नातेवाईक धरतात. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. भुलीची सुई त्याच्या खाली, बहुधा तिसऱ्या आणि चौथ्या मणक्याच्या मधल्या फटीत जाते. ती केसाइतकी नसली तरी अगदी बारीक असते. तिच्यातून पाण्यासारख्या स्वच्छ द्रवाचा थेंब बाहेर आला की दोन मिलिलिटरच्या आसपास औषध सोडले जाते. सुईच्या जागी काही दिवस ठणका राहू शकतो, आणि काही जणींना डोकेदुखी होते, जी उठून बसल्यावर वाढते आणि आडवे पडल्यावर कमी होते. तिच्यावर उपचार आहेत. वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीची कारणे मात्र वेगळी असतात: गरोदरपणात सैल झालेले सांधे, वाढलेले वजन, वाकून केलेली कामे, बाळाला तासन्तास एका कुशीवर घेणे. शिवाय गरोदर बाईसाठी पूर्ण भूल अधिक धोक्याची असते. तिचे जठर उशिरा रिकामे होते, घशाला सूज असल्याने नळी घालणे अवघड जाते आणि श्वास थांबल्यावर तिच्या शरीरातला ऑक्सिजन लवकर संपतो. म्हणून भीतीपोटी केलेला आग्रह तिला कमी धोक्याकडून जास्त धोक्याकडे नेतो. शस्त्रक्रियेआधीच्या दुधाच्या चहा-बिस्किटाबाबतही असाच गैरसमज असतो. शस्त्रक्रियेआधी हलक्या खाण्याला सहा तास आणि साध्या पाण्याला दोन तास झालेले असावे लागतात. दुधाचा चहा खाण्यातच मोजला जातो. ‘नुसता चहाच दिला’ म्हणून ही गोष्ट सांगितली नाही, तर उलटीतून पोटातले पाणी फुप्फुसात जाण्याचा धोका डॉक्टरांना कळतच नाही.

गैरसमज : शस्त्रक्रिया लहान, म्हणजे भूलही लहान, तिला ज्येष्ठ माणूस कशाला?

इथे मूळ प्रश्नाला हात घालावा लागतो. शस्त्रक्रिया छोटी असू शकते, भूल छोटी नसते. हर्नियासाठी असो वा हृदयासाठी, बंद पडलेला श्वास सारख्याच घाईने सुरू करावा लागतो. कमरेत औषध सोडल्यावर काही मिनिटांतच सिझेरियनच्या रुग्णाचा रक्तदाब घसरू लागतो. तिच्या उजव्या कुल्ल्याखाली उशी सरकवून गर्भाशय डावीकडे कलते करायचे, सलाइनचा वेग वाढवायचा, रक्तवाहिन्या आकुंचन पावतील असे औषध द्यायचे आणि ओला गार बोळा पोटावरून वर फिरवत बधिरपणा कुठवर चढला ते विचारत राहायचे. तो अपेक्षेपेक्षा वर गेला तर बाईचे हात लुळे पडतात, आवाज क्षीण होतो आणि श्वास अपुरा पडतो. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अशा वेळी एक हाक मारली की शेजारच्या ओटीतून दुसरा भूलतज्ज्ञ धावत येतो. आयसीयू त्याच इमारतीत असतो, रक्तपेढीही आवारातच असते. तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात यातले काहीच नसते. दुसरा भूलतज्ज्ञ नाही, रक्ताची पिशवी बहुधा जिल्ह्याहून यायची, वीज गेली तर जनरेटर सुरू होईपर्यंत हाताने फुगा दाबून श्वास द्यायचा. त्यातच बाळ रडले नाही तर कित्येकदा त्याला श्वास द्यायलाही भूलतज्ज्ञच हाताशी असतो. शहरात कनिष्ठ डॉक्टरच्या अननुभवाची उणीव सारी व्यवस्था मिळून भरून काढते. गावात ती भरून काढायला कोणीही नसते. शिवाय सर्वांत अवघड निर्णय चाकू लागण्याआधीच घ्यायचा असतो: ही शस्त्रक्रिया इथे करायची, रुग्ण आधी स्थिर करायचा, की पुढे पाठवायचा? हिमोग्लोबिन पाचावर आलेली बाळंतीण समोर असताना सर्जनला आणि नातेवाइकांना ‘आत्ता नाही, आधी रक्त’ असे ठामपणे सांगायला ज्ञानाबरोबर अधिकारही लागतो, आणि तो अनुभवातून येतो.

गैरसमज : भूलतज्ज्ञाचे काम ओटीच्या दारात संपते

पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावतो. दंशाची जागा धड सुजत नाही, फारशी दुखतही नाही. पहाटे पोट दुखते, मग पापण्या जड होतात, गिळता येईनासे होते आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात. प्रतिविष द्यायलाच हवे, पण मज्जातंतूंच्या टोकांना झालेली इजा त्याने लगेच भरून येत नाही. तोवर रुग्णाला कृत्रिम श्वासावर, कधी कधी अनेक दिवस, जगवावे लागते. या अवस्थेत त्याला पापणीही हलवता येत नाही, बाहुल्या विस्फारलेल्या असतात, आणि तरीही तो शुद्धीवर असू शकतो. हा माणूस गेला असे समजून प्रयत्न थांबवणे ही भयंकर चूक ठरेल. कीटकनाशकाची विषबाधा झालेला शेतकरी, झटके आलेली गरोदर बाई, छातीला मार लागलेला मोटारसायकलस्वार, या सगळ्यांना पहिल्या अर्ध्या तासात एकच गोष्ट हवी असते: श्वासमार्ग मोकळा करून तो टिकवणारा सराईत हात. कोविडच्या 2020 आणि 2021 या वर्षांत ठिकठिकाणच्या आयसीयूंची धुरा भूलतज्ज्ञांनी वाहिली, ती याच कौशल्याच्या बळावर. तालुक्यात आयसीयू नसेल, तर भूलतज्ज्ञ असणे हाच त्या तालुक्याचा आयसीयू.

गैरसमज : रुग्ण पुढे पाठवता येतो, एमबीबीएस डॉक्टरलाही शिकवता येते, मग तज्ज्ञाचा हट्ट का?

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्याचा विचार प्रामाणिकपणे करायला हवा. महाराष्ट्रात 2014 पासून 108 ची रुग्णवाहिका सेवा आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. पण बाळंतपणानंतरचा जोरदार रक्तस्राव थांबला नाही तर सुमारे दोन तासांत जीव जाऊ शकतो. ‘लॅन्सेट’च्या जागतिक शस्त्रक्रिया आयोगाने 2015 साली सिझेरियन, पोटाची तातडीची शस्त्रक्रिया आणि उघड्या अस्थिभंगावरचे उपचार दोन तासांच्या अंतरात मिळावेत, असा निकष ठेवला. भामरागडहून गडचिरोली हे जिल्ह्याचे ठिकाण दीडशे किलोमीटरहून जास्त दूर आहे, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे वाचायला मिळाल्या आहेत. तिथे ‘पुढे पाठवा’ हे उत्तर नकाशावरच सोपे दिसते. कोणी म्हणेल, राज्याची स्थिती चांगली आहे. 2018-20 च्या नमुना नोंदणी अहवालात देशाचे मातामृत्यू प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे 97 असताना महाराष्ट्राचे 33 होते. ही कामगिरी खरी आहे, तिचा अभिमानही बाळगावा. पण सरासरीत पुणे आणि भामरागड एकत्र मोजले जातात. राहिला प्रश्न एमबीबीएस डॉक्टरांना भुलीचे अल्पकालीन प्रशिक्षण देण्याचा. केंद्र सरकारने तातडीच्या प्रसूतीसेवेसाठी तशी योजना आखली आणि ती योग्यच होती. काहीच नसण्यापेक्षा शिकलेला डॉक्टर शतपटीने बरा. मात्र असे काही आठवड्यांचे प्रशिक्षण म्हणजे एमबीबीएसनंतर तीन वर्षे घेतलेले एमडीचे शिक्षण नव्हे. असा डॉक्टर निर्धास्तपणे काम करतो तो त्याला फोनवर सल्ला देणारा, अधूनमधून सोबत उभा राहणारा, ‘ही केस घेऊ नकोस’ म्हणणारा ज्येष्ठ जवळपास असतो तेव्हाच. म्हणजे ही योजना ज्येष्ठ भूलतज्ज्ञाला पर्याय ठरत नाही. ती टिकण्यासाठीच तो लागतो.

गैरसमज : पगार वाढवला की तज्ज्ञ आपोआप गावात येतील

पैसा महत्त्वाचा आहे. कंत्राटी पदांचे मानधन वेळेवर मिळणे तर किमान अपेक्षा झाली. पण ग्रामीण आरोग्य सांख्यिकीच्या 2021-22 च्या अहवालानुसार देशातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिशियन आणि बालरोगतज्ज्ञ या चार तज्ज्ञांची मिळून सुमारे 80 टक्के कमतरता होती, आणि या चारांत भूलतज्ज्ञ मोजलेलाच नाही. एवढी मोठी दरी केवळ मानधनाने भरत नाही. एकट्या भूलतज्ज्ञाची ड्युटी कधीच संपत नाही. रात्री दोनच्या सिझेरियननंतर सकाळी नऊला ओटीची यादी असते; रजा घ्यायची तर बदली माणूस मिळत नाही; काही विपरीत घडले तर संतापलेल्या जमावासमोर तो एकटा उभा असतो. आणि वर्षानुवर्षे एकट्याने काम केल्यावर नवे शिकायला, आपला निर्णय कोणाशी पडताळून पाहायला सोबत मिळत नाही. म्हणून उपाय एकेका गावाला एकेक माणूस नेमण्याचा नसावा. दोन-तीन तालुक्यांच्या गटासाठी निदान दोन भूलतज्ज्ञ, त्यांची ठरलेली पाळी, वर्षातून काही आठवडे वैद्यकीय महाविद्यालयात काम करण्याची सोय, चालू स्थितीतले मॉनिटर आणि रक्तसाठवण केंद्र, आणि ग्रामीण सेवेची वर्षे बढतीत मोजली जाणे, एवढे केले तर ज्येष्ठ माणूस तिथे येईल आणि टिकेलही. हे खर्चिक वाटेल, पण सर्जन नेमून, ओटी बांधून तिला कुलूप लावण्याइतका खर्चिक प्रकार दुसरा नाही.

वाचकांनी करण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. घरातल्या कोणाची शस्त्रक्रिया ठरली तर आदल्या दिवशी भूलतज्ज्ञाला भेटा. दमा, बीपी, चालू गोळ्या, आधीच्या भुलीचा त्रास आणि शेवटचे खाणे, यातले काहीही लपवू नका. आणि तालुक्याच्या रुग्णालयाविषयी लोकप्रतिनिधींना भेटाल तेव्हा किती खाटा, हे विचारून थांबू नका. पूर्णवेळ भूलतज्ज्ञ आहे का, त्याच्या जोडीला दुसरा आहे का, हेही विचारा. या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ येईपर्यंत ते रुग्णालय पूर्ण झाले असे मानू नका.