भाजे-कार्ल्याचा डोंगर : बिनभिंतीचे विज्ञान संग्रहालय

विज्ञानाचे संग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काचेची कपाटे, पेंढा भरलेले प्राणी आणि तिकिटाची खिडकी उभी राहते. मुंबईला गेल्यावर वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र मुलांना जरूर दाखवावे. परंतु पुणे-लोणावळा लोकलने मळवली स्टेशनवर उतरले, तर मावळातच एक असे संग्रहालय आहे की ज्याला भिंती नाहीत. ते म्हणजे भाजे आणि कार्ले येथील डोंगर. आपली माणसे तेथे श्रद्धेने जातात, वंदन करतात, फोटो काढतात आणि परततात. ज्या दगडात ही लेणी कोरली, तो दगड मात्र वाचायचा राहून जातो.

हा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतील लांबच लांब भेगांतून तप्त लाव्हा बाहेर आला, पसरला आणि थंड झाला. त्यावर पुन्हा दुसरा थर आला, मग तिसरा. पृथ्वीवरून डायनासोर नाहीसे झाले तोही साधारण हाच काळ. भाज्याच्या लेण्यांसमोर उभे राहून आजूबाजूच्या डोंगरांकडे पाहा. कठीण थराचा उभा कडा, मऊ थराचा उतार, पुन्हा कडा. डोंगराला या पायऱ्या कोणी पाडल्या, असे मुलांना विचारा. उत्तर आहे, लाव्हाने आणि पावसाने. दगडात कोठे पांढरे ठिपके दिसले तर तेही दाखवा. लाव्हातील वायूचे बुडबुडे निघून गेले, पोकळ्या राहिल्या, आणि पुढे पाण्याबरोबर आलेली खनिजे त्यांत साठली.

हे शास्त्र आपल्या पूर्वीच्या कारागिरांना हाताने कळलेले होते. भाज्याचे लेणे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले. एकसंध, कमी भेगांचा थर हेरून त्यांनी छिन्नी लावली. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे ३७ मीटर लांब आणि १४ मीटर उंच आहे. त्यात वीट नाही, चुना नाही. छताच्या लाकडी कमानी आजही जागेवर आहेत. तेथील एका लेखात धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा पुत्र, याने दर्शनी द्वाराचे काम केल्याची नोंद आहे. राजे आणि व्यापारी यांच्याबरोबर एका सुताराचे नावही जवळजवळ दोन हजार वर्षे दगडावर टिकून आहे. कष्टकऱ्याच्या मुलांना हे आवर्जून सांगावे.

वरून खालचा देखावाही अभ्यासासारखा आहे. इंद्रायणीचे खोरे, मळवलीची घरे, रेल्वे, जुना मुंबई-पुणे रस्ता आणि द्रुतगती मार्ग एका नजरेत येतात. कोकणातून घाट चढून येणारा प्राचीन व्यापारी मार्गही याच भागातून जात असे. डोंगराने वाट दिली तेथूनच माणूस गेला; बोरघाटाची रेल्वे १८६३ साली सुरू झाली, तीही येथूनच.

आता पावसाविषयी. समुद्राकडून आलेले ढग घाटाला अडून वर चढतात, थंड होतात आणि कोसळतात. म्हणून लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर पुणे शहरात साधारण सातशे. हाच पाऊस जीवही घेतो. जुलै १९८९ मध्ये भाजे गावावर दरड कोसळून माणसे दगावली. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. वर डोंगरात पाऊस झाला की खाली लोंढा काही क्षणांत येतो. तो दिसेपर्यंत पळायला वेळ उरत नाही. म्हणून पावसाळ्यात मुलांना प्रवाहात उतरवू नका.

लेणी पाहण्यास हिवाळा उत्तम. पुरातत्त्व खात्याच्या स्थळांवर १५ वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. भाकरी आणि पाणी बरोबर घ्यावे, कचरा परत आणावा, दगडावर नावे कोरू नयेत. एक वही आणि पेन्सिल मुलांच्या हाती द्यावी. डोंगराचे थर किती मोजले, काय पाहिले, ते त्यांनी लिहावे आणि पुढच्या रविवारी विहारात सर्वांना वाचून दाखवावे.