परसबागेतील तुती : फवारणीपूर्वी मित्रकीटक ओळखा

छत्तीसगडमधील भिलाई या पोलादनगरीत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात पोहोचतो. रास्पबेरीला थंड हिवाळा आणि सौम्य उन्हाळा लागतो. महाबळेश्वरच्या हवेत ती रुजते, मात्र भिलाईच्या मैदानी उष्णतेत तिचा टिकाव लागणे कठीण असते. अशा हवामानात रास्पबेरीची जागा सहज घेऊ शकणारे फळझाड म्हणजे तुती. स्थानिक हिंदीत तिला शहतूत म्हणतात. नेहरू नगरसारख्या वसाहतीत घरापुढील अंगणात किंवा मोठ्या कुंडीतही तुती वाढते, छाटणी सोसते आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीस काळसर जांभळ्या फळांनी लगडते.

तुतीचे फळ मुले झाडावरूनच तोडून खातात. ते नाजूक असल्याने चोळून धुता येत नाही आणि सालही काढता येत नाही. त्यामुळे झाडावर फवारलेले रसायन थेट पोटात जाण्याचा धोका असतो. परसबागेतील तुतीच्या कीडनियंत्रणाचा विचार याच मुद्द्यापासून करावा लागतो.

पिठ्या ढेकणाचा उपद्रव

तुतीची सर्वांत त्रासदायक कीड म्हणजे पिठ्या ढेकूण. कापसासारख्या पांढऱ्या मेणाने झाकलेले हे मऊ कीटक कोवळ्या शेंड्यांवर व पानांच्या मागे बसून रस शोषतात. गुलाबी पिठ्या ढेकणामुळे शेंडा जाड होतो, पाने आखडून गडद हिरवी व सुरकुतलेली दिसतात आणि वाढ खुंटते. रेशीम उत्पादक या विकृतीला ‘टुकरा’ म्हणतात. किडीच्या अंगातून पाझरणारा गोड चिकट द्रव पानांवर सांडला की त्यावर काळी बुरशी चढते.

कोरड्या उष्ण दिवसांत ही कीड झपाट्याने वाढते आणि जोरदार पावसात तिचे प्रमाण कमी होते. मेणाच्या थरामुळे कीटकनाशक तिच्या अंगापर्यंत नीट पोहोचत नाही. आखडलेल्या पानांच्या आत दडलेली कीड तर हमखास वाचते. उघड्यावर वावरणारे तिचे नैसर्गिक शत्रू मात्र फवारणीत मरतात. परिणामी काही दिवसांतच कीड पूर्वीपेक्षा जोमाने परतते.

रेशीम उद्योगाने दाखविलेली वाट

तुतीवरील नैसर्गिक कीडनियंत्रणाचा अभ्यास होण्यामागे व्यावहारिक कारण होते. तुतीचा पाला हे रेशीम अळीचे अन्न आहे आणि पाल्यावरील विषाचा अंश अळ्यांनाही मारतो. त्यामुळे किडीला खाणाऱ्या कीटकांचा उपयोग करण्याकडे संशोधक वळले.

यांपैकी सर्वांत परिचित कीटक म्हणजे क्रिप्टोलीमस हा ढालकिडा. मूळचा ऑस्ट्रेलियातील हा भुंगेरा १८९८ मध्ये भारतात आणला गेला. त्याचे प्रौढ कीटक आणि अळ्या दोन्ही पिठ्या ढेकणांवर उपजीविका करतात.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतील पपईवरील पिठ्या ढेकणाची जात २००८ मध्ये कोईमतूर येथे आढळली. पपईबरोबरच तुतीच्या बागांचेही तिने मोठे नुकसान केले. तिचे नैसर्गिक शत्रू मायदेशीच राहिले होते. २०१० मध्ये बंगळुरू येथील कीटक संशोधन संस्थेने तीन जातींचे परोपजीवी कीटक पोर्टो रिकोहून आणविले. त्यांपैकी ॲसेरोफॅगस पपाये ही चिमुकली गांधीलमाशी सर्वाधिक प्रभावी ठरली. तिची मादी पिठ्या ढेकणाच्या शरीरात अंडे घालते आणि आत वाढणारी अळी त्याला पोखरून टाकते. या माशा सोडल्यानंतर तामिळनाडूत अल्पावधीतच किडीला आळा बसला.

मित्र कोण, शत्रू कोण?

घरगुती बागेत सर्वाधिक गफलत येथेच होते. क्रिप्टोलीमसच्या अळीच्या अंगावरही पांढऱ्या मेणाचे झुपके असतात. प्रथमदर्शनी ती मोठ्या पिठ्या ढेकणासारखीच दिसते आणि चिरडली जाते. ओळखण्याची खूण सोपी आहे. पिठ्या ढेकूण साधारण ३ मिलिमीटर लांबीचा, सुस्त व समूहाने चिकटून बसणारा असतो. ढालकिड्याची अळी त्याच्या कित्येक पट मोठी होते, तिचे झुपके लांब असतात आणि काडीने स्पर्श केल्यास ती चटकन चालू लागते. प्रौढ भुंगेरा गडद तपकिरी असून त्याचे डोके नारिंगी असते.

पिठ्या ढेकणांच्या घोळक्यात तपकिरी, फुगीर व कडक झालेली शरीरे दिसली आणि त्यांना गोल छिद्रे असली, तर परोपजीवी माशी कामाला लागली आहे असे समजावे. अशा फांदीवर कोणतीही फवारणी करू नये.

घरच्या घरी काय करावे?

आठवड्यातून एकदा शेंडे व पानांची मागील बाजू तपासावी. प्रादुर्भाव थोडा असल्यास शेंडा खुडून पिशवीत बंद करावा आणि नष्ट करावा. कचऱ्याच्या ढिगावर टाकू नये. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने कीड धुऊन काढल्यासही बराच फरक पडतो. पानांच्या मागे पाणी मारल्याने कोरड्या दिवसांत वाढणारे लाल कोळीही कमी होतात.

मुंग्यांकडे दुर्लक्ष करू नये. गोड द्रवासाठी त्या पिठ्या ढेकणांची राखण करतात आणि मित्रकीटकांना हुसकावतात. खोडाभोवती कागदाची पट्टी बांधून तिच्यावर ग्रीस लावल्यास त्यांची वाट अडते. मात्र झाडाच्या फांद्या भिंतीला किंवा शेजारच्या झाडाला टेकलेल्या नसाव्यात. जास्वंद, पपई, सीताफळ आणि गाजर गवत यांवरही ही कीड पोसली जाते. त्यामुळे एकट्या तुतीची स्वच्छता पुरेशी नाही.

एवढ्याने भागले नाही, तर ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा. सावलीत वाळविलेल्या निंबोळ्यांची ५० ग्रॅम भरड थोड्या पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी दुहेरी फडक्यातून गाळावी व एकूण एक लिटर द्रावण करावे. ते पानांना चिकटावे म्हणून किंचित सौम्य साबण मिसळावा. सुरुवातीस एकाच फांदीवर चाचणी घ्यावी आणि फवारणी सायंकाळीच करावी, कारण कडक उन्हात साबणाने पाने करपतात. मित्रकीटकांच्या कोवळ्या अळ्यांनाही निंबोळी अर्काची बाधा होऊ शकते. म्हणून केवळ किडग्रस्त शेंड्यांवरच तो मारावा. फळे लाल होऊ लागताच फवारणी थांबवावी, अन्यथा कडवटपणा फळांना लागतो.

तुतीवर येणारे बुलबुल व अन्य पक्षी फळांत वाटा मागतात. मोकळे जाळे टाकल्यास ते त्यात अडकून जखमी होतात. त्याऐवजी हव्या तेवढ्या फांद्यांना पातळ कापडी पिशव्या बांधाव्यात आणि उरलेली फळे पक्ष्यांसाठी सोडावीत.

नैसर्गिक नियंत्रणाचा अर्थ कीड पूर्णपणे नाहीशी करणे असा नाही. थोडी कीड शिल्लक राहिली तरच तिच्यावर जगणारे भुंगेरे व माशा बागेत टिकतात आणि पुढच्या उन्हाळ्यात ती वाढू लागताच तिला आवर घालतात. चार-दोन शेंड्यांवर पांढरा ठिपका दिसताच औषधाची बाटली न उचलता हातात भिंग घ्यावे. त्या ठिपक्यांतला एखादा चालू लागला, तर तो आपला मित्र असण्याची शक्यता मोठी आहे.