घरच्या नौकेचे कवच : गाभा कशाचा, थर किती जाड?

जालन्यासारख्या समुद्रापासून दूर असलेल्या जिल्ह्यात शिडाच्या नौकेची चर्चा कित्येकांस अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते, शेजारीच पैठणचा नाथसागर पसरलेला आहे, आणि हातांस उद्योग हवा असणारे मुलगे-पुतणे तर प्रत्येक एकत्र कुटुंबात असतात. अशा एखाद्या घरी लहानशी नौका बांधण्याचा विचार निघालाच, तर पहिला प्रश्न शिडाचा नसून कवचाचा असतो. कारण घरच्या मुलांचे प्राण त्याच्याच भरवशावर असतात.

जितके जाड तितके मजबूत, ही सर्वसाधारण समजूत. ती अर्धीच खरी आहे. खोक्याचा पुठ्ठा पाहावा. दोन पातळ कागदांमध्ये नागमोडी कागद घातला की तो सहजासहजी वाकत नाही. हेच तत्त्व येथे लागू पडते. काचतंतू व राळ यांचा ६ मिलिमीटर जाडीचा एकसंध पत्रा घेण्याऐवजी त्याचे ३-३ मिलिमीटरचे दोन थर करून मध्ये १२ मिलिमीटरचा हलका गाभा चिकटविला, तर काचतंतू तितकेच लागूनही ताठपणा हिशेबाने सुमारे १९ पट होतो. थर ताण व दाब सोसतात. गाभा त्यांस परस्परांपासून दूर धरून ठेवतो.

गाभा कशाचा असावा? बाल्सा लाकूड हलके व दाबास खंबीर. परंतु आत पाणी शिरले की कुजते. पीव्हीसीचा फोम कुजत नाही. मात्र तो महाग, आणि कडक उन्हात नरम पडणारा. हलक्या लाकडाच्या पट्ट्या तात्पुरत्या चौकटींवर एकमेकींस चिकटवीत गेल्यास साच्याची गरज उरत नाही व सुतारकामाचे साधारण ज्ञान पुरते. हौशी मनुष्याने हाच मार्ग धरावा, असे आमचे मत आहे. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेल्या 'म्हादेई' या ५६ फुटी नौकेचे कवचही लाकडी गाभ्याचेच आहे. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २०१० साली, व अभिलाष टॉमी यांनी २०१३ साली कोठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली.

तथापि ताठपणाचा हिशेब म्हणजे सर्व काही नव्हे. पातळ थर खडकाच्या टोकाने फुटू शकतो. म्हणून बाहेरचा थर आतल्यापेक्षा जाड ठेवावा, आणि तळाशी तो आणखी वाढवावा. तळाचा कणा व डोलकाठीचे दोर जेथे जखडतात, तेथे हलका गाभा काढून भरीव बांधणी करावी. खिळ्यास्क्रूचे प्रत्येक छिद्र आधी मोठे पाडून इपॉक्सीने भरावे व मग त्यात बारीक छिद्र घ्यावे, म्हणजे गाभ्यास पाणी लागत नाही.

मराठवाड्याची कोरडी हवा लाकूड सुकविण्यास अनुकूल. पण वैशाखातील उष्म्यात इपॉक्सी भांड्यातच घट्ट होते. सबब ती थोडथोडी, पहाटेच कालवावी, आणि नौकेस पांढरा रंग द्यावा.

शेवटी एवढेच, की आधी फूटभर नमुना करून तो हातोडीने ठोकावा, पाण्यात बुडवून ठेवावा, मग कापून आत पाहावे. तो तुकडा वाया गेला तरी चालेल. त्याच्या साक्षीवाचून मात्र नौकेस हात घालू नये.