थोरला समंजस, शेंडेफळ लाडोबा?

थोरला समंजस, मधला दुर्लक्षित, शेंडेफळ लाडावलेलं आणि एकुलतं एक असेल तर हट्टी. अनेक घरांत ही वाटणी मूल बोलायला लागण्याआधीच झालेली असते. तिला मानसशास्त्राचं वजन दिलं व्हिएन्नाच्या आल्फ्रेड ॲडलर यांनी. धाकटं भावंड आलं की थोरल्याचं सिंहासन जातं आणि त्याचा परिणाम स्वभावावर कायम राहतो, अशी त्यांची मांडणी होती. ॲडलर स्वतः दुसरे अपत्य होते.

मोठ्या संख्येवर ही कल्पना तपासली, तेव्हा ती फारशी टिकली नाही. २०१५ मध्ये जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या वीस हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली गेली. बोलका स्वभाव, मनाचं स्थैर्य, मनमिळाऊपणा, कामातली शिस्त यांपैकी कशातही जन्मक्रमाचा ठसा सापडला नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या सुमारे ३ लाख ७७ हजार शाळकरी मुलांच्या अभ्यासात फरक आढळला, पण तो इतका बारीक की प्रत्यक्ष माणसाकडे पाहून कुणाला ओळखता येणार नाही.

मग घरोघरी हे खरं का वाटतं? कारण आईवडील बारा वर्षांच्या मुलीची तुलना आठ वर्षांच्या मुलाशी करतात. ती जास्त समंजस दिसते, कारण ती चार वर्षांनी मोठी आहे. शिवाय घरातली भूमिका म्हणजे स्वभाव नव्हे. १९४२ मध्ये दीनानाथ मंगेशकर गेले तेव्हा पाच भावंडांतल्या थोरल्या लताबाई बारा वर्षांच्या होत्या. घराचा भार थोरलेपणामुळे त्यांच्याकडे आला खरा, पण तो आणला वडिलांच्या मृत्यूने.

एकुलत्या एका मुलाबद्दलचा समज तर अगदीच निराधार आहे. टोनी फाल्बो आणि डेनिस पोलिट यांनी १९८०च्या दशकात शंभराहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. ही मुलं माणसांत मिसळण्यात इतरांपेक्षा मागे नव्हती.

बुद्धिमापनात मात्र थोडं तथ्य आहे. नॉर्वेत सैन्यभरतीसाठी आलेल्या सुमारे २ लाख ४० हजार तरुणांच्या चाचण्यांत थोरले धाकट्यांपेक्षा सरासरी दोन-तीन गुणांनी पुढे होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा सर्वांत बोलका भाग पुढे आहे. ज्यांचं मोठं भावंड तान्हेपणीच दगावलं होतं, ते जन्माने दुसरे असूनही त्यांचे गुण थोरल्यांसारखेच निघाले. म्हणजे कारण आईच्या पोटात नाही, घरातल्या स्थानात असावं. आईवडिलांचा पहिल्याला मिळणारा अविभक्त वेळ आणि धाकट्याला शिकवताना थोरल्याचा पक्का होणारा अभ्यास, ही संभाव्य स्पष्टीकरणं. हे सगळं सरासरीचं गणित आहे. कितीतरी घरांत धाकटंच पुढे असतं.

भारतात जन्मक्रमाचा याहून कितीतरी गंभीर परिणाम मुलांच्या उंचीवर दिसतो. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांनी २०१७ मध्ये भारत आणि सहाराच्या दक्षिणेकडील २५ आफ्रिकी देशांतल्या १ लाख ६८ हजारांवर मुलांच्या उंचीची तुलना केली. आफ्रिकेतल्या अनेक देशांपेक्षा भारत संपन्न, तरी इथली मुलं खुजी का, हा त्यांचा प्रश्न होता. भारतातला थोरला मुलगा आफ्रिकेतल्या थोरल्यापेक्षा उंच निघाला. घसरण दुसऱ्या अपत्यापासून सुरू झाली आणि पुढच्या प्रत्येक अपत्यागणिक वाढत गेली. खुजेपणातल्या भारत-आफ्रिका तफावतीचा निम्म्याहून अधिक भाग याच उतरंडीने भरला होता.

संशोधकांच्या मते या उतरंडीच्या मुळाशी थोरल्या मुलग्याची ओढ आहे. तो झाला की पुढच्यांवरचा खर्च आखडतो. मुलगा होईपर्यंत मुली होत राहिल्या, तर घर येणाऱ्या मुलग्यासाठी हात राखून ठेवतं आणि मागच्या मुलींचा वाटा घटतो. गरोदरपणातली तपासणीसुद्धा नंतरच्या खेपांना कमी होते.

म्हणून आपल्याकडे जन्मक्रमाची चर्चा मधल्याच्या रुसव्याने आणि शेंडेफळाच्या हट्टाने संपवू नये. घरातल्या दुसऱ्या-तिसऱ्या मुलीची उंची आणि वजन नियमित मोजून घ्यावं आणि ताटात पहिल्याइतकंच दूध, डाळ, अंडं तिलाही मिळतंय ना, हे आईवडिलांनी आजच पाहावं.