केबलमधून जातात ते आकडे

दिवाळीच्या खरेदीत टीव्ही पसंत पडतो, पैसे चुकते होतात आणि मग दुकानदार आणखी एक खोकं पुढे सरकवतो. ‘साहेब, एवढा भारी टीव्ही घेताय, केबलपण भारीच लावा. कलर एकदम खुलतील.’ खोक्यात सोनेरी टोकांची, जाळीदार वेष्टणाची एचडीएमआय केबल असते. तिची किंमत साध्या केबलच्या कितीतरी पट. ती मजबूत असेलही, पण तिच्यामुळे रंग खुलत नाहीत. ते खुलूच शकत नाहीत.

व्हीसीआरच्या लाल, पिवळ्या, पांढऱ्या पिना ज्यांनी खोचल्या आहेत, त्यांना पडद्यावरच्या मुंग्या आठवत असतील. तेव्हा तारेतला विद्युतदाब म्हणजेच चित्राचा उजेड असे. वाटेत दाब जरा हलला, की चित्रही हलायचं. त्या काळात चांगल्या केबलचा फरक डोळ्यांना खरोखर दिसायचा. सोनी, फिलिप्स, तोशिबा, हिताची यांच्यासह सात कंपन्यांनी 2002 च्या डिसेंबरात एचडीएमआय आणली. तिच्यातून चित्राचे आकडे जातात, शून्य आणि एक एवढेच. ते तारांच्या पिळलेल्या जोड्यांतून जातात. जोडीतल्या एका तारेवर संकेत असतो, दुसरीवर त्याच्या बरोबर उलटा, आणि टीव्ही वाचतो तो दोघांमधला फरक. शेजारच्या वायरचा किंवा मिक्सरचा त्रास दोन्ही तारांना जवळपास सारखाच होतो, त्यामुळे वजाबाकीत तो निघून जातो. शून्य शून्य म्हणून आणि एक एक म्हणून पोहोचला, की काम झालं. महागड्या तारेतून आलेला एक अधिक लालभडक नसतो.

हे आकडे धावतात तरी किती वेगाने? सेकंदाला 60 चौकटींचं फोरके चित्र साध्या आठ-बिट रंगांत पाठवायला सेकंदाला 17.82 अब्ज बिट, म्हणजे शून्य किंवा एक, लागतात. तीन जोड्यांत वाटले, तर एकीच्या वाट्याला सुमारे सहा अब्ज. म्हणजे एक बिट केबलमध्ये जेमतेम साडेतीन सेंटिमीटर जागा व्यापतो. दोन मीटरच्या केबलमधल्या प्रत्येक जोडीत कोणत्याही क्षणी साठेक बिट एकामागोमाग धावत असतात. मला यातलं सर्वांत थक्क करणारं वाटतं ते हेच, कारण ही करामत अगदी साधी केबलही करते.

केबल लांबली, की मात्र अडचण सुरू होते. तांब्यातून जाताना संकेताच्या तीक्ष्ण कडा बोथट होतात, एक बिट पुढच्यात मिसळू लागतो आणि टीव्हीला शून्य-एक ओळखता येत नाही. मग पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, किंवा चित्र क्षणभर जाऊन परत येतं, किंवा येतच नाही. केबलचा दोष असा दिसतो. रंग फिके वाटत असतील तर टीव्हीची पिक्चर सेटिंग्ज तपासा.

म्हणून विकत घेताना दोनच गोष्टी बघायच्या, प्रकार आणि लांबी. ‘हाय स्पीड’ केबल सेकंदाला 10.2 अब्ज बिट नेते, ‘प्रीमियम हाय स्पीड’ 18 अब्ज आणि ‘अल्ट्रा हाय स्पीड’ 48 अब्ज. सेट-टॉप बॉक्सच्या एचडी वाहिन्यांना बॉक्ससोबत मिळालेली केबल भरपूर झाली. फोरके चित्रपटांसाठी प्रीमियम घ्या. सेकंदाला 120 चौकटी देणारा गेमिंग कन्सोल असेल तरच अल्ट्रा हवी. खोक्यावर ठळक छापलेल्या ‘2.1’ या आवृत्तीच्या आकड्यावर जाऊ नका, प्रकाराचं नाव वाचा. प्रीमियम आणि अल्ट्रा केबलच्या खोक्यावर प्रमाणित असल्याचं लेबल असतं, ते मोबाइलने स्कॅन करून दुकानातच पडताळता येतं.

सोन्याच्या मुलाम्याचा उपयोग गंज टाळण्यापुरता. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत तो कामाचाच आहे, पण आतल्या पिनांवर सोन्याचा पातळ थर साध्या केबललाही बहुधा असतो.

साउंडबार टीव्हीच्या ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलेल्या पोर्टलाच जोडा. दुसऱ्या एचडीएमआय पोर्टातून टीव्हीचा आवाज बाहेर येत नाही. तोशिबाने 1983 मध्ये आणलेली ऑप्टिकल केबल आजही बऱ्याच टीव्हींना चालते. ती प्रकाशावर चालते, पण डॉल्बी अॅटमॉस तिच्यातून जात नाही.

खरा खर्च होतो तो केबल भिंतीत गाडताना. आठ-दहा मीटरचं अंतर असेल तर प्रकाशतंतूंची एचडीएमआय केबल घ्या. तिच्या दोन टोकांवर कोणतं टीव्हीचं आणि कोणतं प्लेअरचं हे लिहिलेलं असतं, उलटी लावली तर चित्र येत नाही. केबलचं डोकं सहज सरकेल एवढा रुंद पाइप टाकायला इलेक्ट्रिशियनला आधीच सांगा. आणि प्लास्टर करण्यापूर्वी टीव्ही जोडून एखादा फोरके चित्रपट अर्धा तास लावून बघा.